डाव्या हाताची सुट्टी

मोटार वाहन कायदा हा काही रविवारी दुपारी आडवं पडून वाचायचा ग्रंथ नव्हे. पण १९८८ च्या या कायद्यात एक गमतीची ओळ आहे. परवान्याचे प्रकार सांगताना कायदा दुचाकीस्वारांच्या दोन जाती करतो : गिअरची मोटारसायकल चालवणारे आणि विनागिअरची चालवणारे. कायद्याच्या लेखी स्कूटर हीसुद्धा मोटारसायकलच. इंजिन किती मोठं, रंग कुठला, बनवणारा कोण, हे नंतर. आधी प्रश्न असा की, तुझा डावा हात कामात गुंतलेला आहे की मोकळा?

हा डावा हात मोकळा कसा झाला, याचा इतिहास मी आज सांगणार आहे. मी यंत्रशास्त्र शिकलेलो नाही. बीए झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण मी नगरचा. ज्या अहमदनगरचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, त्या गावाचा. आणि या इतिहासाचं एक पान आमच्या गावात लिहिलं गेलं आहे.

आधी क्लच कशासाठी लागतो ते पाहू. पेट्रोलच्या इंजिनाची एक अडचण असते. त्याला थांबता येत नाही. थांबलं की ते मरतं. ते जिवंत ठेवायचं तर मिनिटाला हजार-दीड हजार फेरे त्यानं घेतच राहिले पाहिजेत. चाकाला मात्र थांबावं लागतं. सिग्नलला थांबावं लागतं, म्हैस आडवी आली तर थांबावं लागतं. म्हणजे न थांबणारं इंजिन आणि थांबणारं चाक यांची गाठ हवी तेव्हा सोडता आणि हवी तेव्हा बांधता आली पाहिजे. ही सोडबांध करणारा भाग म्हणजे क्लच.

१९४६ साली इटलीत पिआजिओ कंपनीनं व्हेस्पा आणली. ती घडवणारा कोराडिनो दास्कानिओ हा मूळचा विमानांचा इंजिनिअर. मोटारसायकल त्याला मुळीच आवडत नसे. घाण, तेलकट आणि पंक्चर काढायला अवघड, असं त्याचं मत. म्हणून त्यानं गिअर पायाकडून काढून डाव्या मुठीत आणला आणि क्लचची दांडीही तिथंच बसवली. चार बोटांनी दांडी दाबायची, त्याच मनगटानं मूठ फिरवायची आणि मग बोटं हळूहळू सोडायची. आपल्याकडे आकुर्डीच्या बजाजच्या कारखान्यातून हीच रचना घरोघर पोचली. १९७२ मध्ये तिला महाराणा प्रतापांच्या घोड्याचं नाव मिळालं, चेतक. ती मिळवायला लोकांनी वर्षानुवर्षं नंबर लावले. मुंबईत भांडुपला तयार होणाऱ्या लॅम्ब्रेटाचीही तऱ्हा तीच, डाव्या मुठीत सगळा कारभार.

ज्यांनी चेतकवर स्कूटर शिकली, त्यांना ते पहिले आठ दिवस आठवत असतील. क्लच पटकन सुटला की गाडी उडी मारायची आणि बंद पडायची. चढावर तर परीक्षाच. एक पाय ब्रेकवर, उजवा हात रेसवर, डावा क्लचवर. ज्याच्या डाव्या हातात जोर नाही, ज्याचा पाय पोलिओनं अधू आहे, जिची मनगटं बारीक आहेत, त्यांच्यासाठी ही गाडी नव्हतीच. कुणी मनाई केली नव्हती. यंत्राची घडणच तशी होती.

आता जरा मागं जाऊ. ज्या कल्पनेनं हा हात मोकळा केला, ती आपल्या शेतकऱ्याला फार पूर्वीपासून ठाऊक होती. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभा राहून तो गोफण फिरवतो. गोफण जितकी वेगानं फिरेल तितका दगड बाहेर धाव घेतो आणि दोरीला ओढ बसते. शाळेच्या पुस्तकात याला अपकेंद्री बल म्हणतात. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स यानं १६५९ मध्ये या ओढीचं गणित मांडलं. त्यातली महत्त्वाची गोष्ट अशी की वेग दुप्पट झाला तर ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. वेग तिप्पट, तर ओढ नऊपट. हा चौपटीचा हिशेब ध्यानात ठेवा, आपल्याला तो पुढं लागणार आहे.

युरोपातल्या पवनचक्क्यांवर याच तत्त्वानं जात्याच्या दोन तळ्यांमधलं अंतर आपोआप राखलं जाई. १७८८ मध्ये जेम्स वॅटनं वाफेच्या इंजिनावर दोन फिरते गोळे बसवले. इंजिन फार पळू लागलं की गोळे फाकत आणि वाफ कमी करत. मंदावलं की गोळे मिटत आणि वाफ वाढवत. इंजिनाला स्वतःचा वेग स्वतः कळू लागला, असं म्हणायला हरकत नाही.

या कल्पनेनं सामान्य माणसाच्या वाहनात खरी बाजी मारली ती १९५८ मध्ये. त्या एकाच वर्षात जगाच्या दोन टोकांना दोन गाड्या आल्या. हॉलंडमध्ये डाफ कंपनीची छोटी मोटार आली. हब फान डोर्न यांच्या कल्पनेतून तयार झालेल्या या गाडीत दातेरी गिअरच नव्हते. दोन पुली, त्यांच्यावर रबरी पट्टा आणि आपोआप धरणारा अपकेंद्री क्लच. तिच्या गिअररचनेमुळं ती जितकी वेगात पुढं जाई तितकीच मागंही जाऊ शके. पुढं हॉलंडमध्ये तिच्या उलट्या धावण्याच्या शर्यती लावल्या गेल्या.

दुसरी गाडी जपानमध्ये आली, होंडाची सुपर कब. ऑगस्ट १९५८. सोइचिरो होंडा यांच्यासमोर एक साधी अट होती. सोबा नावाच्या शेवया घरपोच देणारा पोऱ्या एका हातावर तबक तोलून दुसऱ्या हातानं गाडी चालवू शकला पाहिजे. म्हणून सुपर कबला गिअर ठेवले, ते पायाकडे. पण हाताचा क्लच काढून टाकला. गिअर आणि क्लच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यातून दिसतं. ही गाडी पुढं इतकी चालली की २०१७ मध्ये तिचं उत्पादन दहा कोटींवर गेलं. इंजिनावर चालणारं दुसरं कुठलंही वाहन इतक्या संख्येनं बनलेलं नाही. आणि त्यामागं काय होतं? शेवया पोचवणाऱ्या पोराचा एक हात.

आता नगर. १९७२ साली ह. कृ. फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगनं आमच्या गावात लूना बनवायला घेतली. पन्नास सीसीची, पॅडल असलेली, सायकलीची थोरली बहीण म्हणावी अशी. तिला गिअर नव्हता, क्लचची दांडी नव्हती. पॅडल मारून सुरू करायची, उजवी मूठ पिळायची की निघाली. तिच्या पोटात बसलेला क्लच वेग वाढला की आपोआप धरायचा, कमी झाला की सोडायचा.

माझी थोरली बहीण, आमची आपा, जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिक्षिका होती. शाळा गावापासून अकरा किलोमीटरवर. एसटी सकाळी एक, संध्याकाळी एक. संध्याकाळची चुकली की अब्बा सायकल घेऊन निघायचे. १९८४ मध्ये तिनं पगारातून हप्ते बांधून लूना घेतली. मी तेव्हा आठवीत होतो. मोहल्ल्यात चर्चा झाली, आणि तिचा सूर मला अजून आठवतो. बाईनं गाडी चालवावी का, असं उघडपणे फारसं कुणी बोललं नाही. सगळे एकच म्हणत, ‘‘क्लच कशी सांभाळेल ही?’’ आपाचं उत्तर ठरलेलं असायचं, ‘‘या गाडीला क्लचच नाही.’’ आणि वाद तिथं संपायचा.

खरं तर क्लच होता. पण तो सांभाळायची जबाबदारी माणसाच्या हातावर नव्हती, आणि विरोध करणाऱ्यांचा सगळा मुद्दा त्या हातावर उभा होता. मला वाटतं, महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत हा संवाद थोड्याफार फरकानं झाला असेल. शिक्षिका, परिचारिका, पोस्टातल्या, बँकेतल्या बायका एसटीच्या वेळापत्रकातून सुटल्या, त्यात सभासंमेलनांचा वाटा आहे, तसा या न दिसणाऱ्या क्लचचाही आहे.

१९८४ मध्येच कायनेटिकनं होंडाशी हातमिळवणी केली आणि इंदूरजवळच्या पिथमपूरला कायनेटिक होंडा तयार होऊ लागली. बटण दाबलं की सुरू होणारी, पट्ट्यावर चालणारी, विनागिअरची पूर्ण आकाराची स्कूटर. डाफच्या मोटारीतला पट्टा आणि पुली आता स्कूटरच्या डाव्या कुशीत येऊन बसले. नव्वदच्या दशकात सनी, स्कूटी अशा हलक्या गाड्या आल्या. १९९८ मध्ये होंडा या भागीदारीतून बाहेर पडली आणि तिच्या स्वतंत्र भारतीय कंपनीची ॲक्टिव्हा २००१ मध्ये रस्त्यावर आली. त्यानंतर काय झालं ते आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये डोकावलं तरी कळेल.

आता या क्लचच्या आत काय असतं ते पाहू, कारण खरी गंमत तिथं आहे. मागच्या पुलीबरोबर फिरणारी एक तबकडी असते. तिच्यावर एका बाजूनं खिळीवर अडकवलेले तीन अर्धचंद्राकृती तुकडे, म्हणजे शू. त्यांच्या पाठीवर घर्षणाचं लायनिंग चिकटवलेलं. तिन्ही शूंना आतल्या बाजूला ओढून धरणाऱ्या, करंगळीएवढ्या तीन स्प्रिंगा. आणि या सगळ्यावर झाकण घातल्यासारखा, वाटीच्या आकाराचा ड्रम, ज्याच्याशी मागचं चाक जोडलेलं आहे. गाडी उभी असताना स्प्रिंगा शूंना आवळून धरतात, ड्रम मोकळा राहतो. मूठ पिळली, फेरे वाढले, की शू गोफणीतल्या दगडासारखे बाहेर धावतात, ड्रमला आतून चिकटतात आणि चाक फिरू लागतं.

इथं तो चौपटीचा हिशेब कामाला येतो. आजच्या सर्वसाधारण ११० सीसी स्कूटरचं इंजिन उभ्या जागी मिनिटाला सतराशेच्या आसपास फेरे घेतं. ते चौतीसशेवर नेलं तर वेग फक्त दुप्पट होतो, पण शूंची बाहेरची ओढ चौपट. क्लच पट्ट्याच्या पलीकडे असल्यानं त्याचे स्वतःचे फेरे इंजिनापेक्षा कमी असतात, पण हिशेब तोच. म्हणूनच साधी स्प्रिंग सिग्नलला निर्धास्त धरून ठेवते आणि मूठ पिळताच विनातक्रार हार मानते. ओढ वेगाबरोबर सरळ वाढती, तर इतक्या साध्या स्प्रिंगेला हे साधणं अवघड गेलं असतं.

आमच्या झेंडीगेटच्या बाजूला एक गॅरेज होतं. त्याच्या मालकाला सगळे उस्ताद म्हणत. त्यांचं सारं आयुष्य हाताच्या क्लचच्या स्कूटरी दुरुस्त करण्यात गेलं होतं. विनागिअरच्या गाड्या येऊ लागल्या, तेव्हा त्यांच्या पिढीतल्या कारागिरांपुढं मोठा पेच आला. तो नुसता नव्या सुट्या भागांचा नव्हता. स्प्रिंगेचा अर्थच उलटा झाला होता.

जुन्या स्कूटरच्या क्लचमध्ये तेलात बुडालेल्या, कॉर्क लावलेल्या चकत्या असत आणि स्प्रिंगा त्यांना एकमेकींवर दाबून धरत. म्हणजे स्प्रिंगेचं काम धरण्याचं. ती ढिली पडली की क्लच घसरायचा. इंजिन ओरडायचं आणि गाडी ओढायची नाही. उपाय सोपा, कडक स्प्रिंगा टाका. नव्या क्लचमध्ये स्प्रिंगेचं काम सोडवण्याचं. ती ढिली पडली तर क्लच घसरत नाही, उलट नको तेव्हा धरतो. आणि घसरणाऱ्या क्लचला जुन्या सवयीनं कडक स्प्रिंग टाकली, तर आजार आणखी वाढतो. कारण कडक स्प्रिंग शूंना ड्रमपासून दूर ओढते. वीस-पंचवीस वर्षांचा अनुभव उलटा करून वापरायचा, हे सोपं नसतं. पुष्कळांनी ‘या बायकी गाड्या आम्ही घेत नाही’ म्हणून दुकानाचं दार लावून घेतलं. उस्तादांनी लावलं नाही.

आमच्या घरातली स्कूटर एकदा सिग्नलला उभी असताना पुढं सरकू लागली. ब्रेक दाबून धरला नाही तर हळूच पुढच्या रिक्षाला जाऊन टेकायची. मी ती उस्तादांकडे नेली आणि त्यांनी ज्या क्रमानं तपासली, तो क्रम मला आजही पाठ आहे.

त्यांनी आधी पाना उचललाच नाही. गाडी मेन स्टँडवर लावली, सुरू केली आणि कान दिला. इंजिन उभ्या जागी जास्त पळत असेल तर चांगल्या स्प्रिंगासुद्धा हरतात. त्यामुळं पहिला संशयित कार्ब्युरेटरचा आयडलिंगचा स्क्रू. तो त्यांनी ठीक केला. स्टँडवर मागचं चाक किंचित फिरणं हा दोष नव्हे. हलका ब्रेक लावला की ते थांबलं पाहिजे आणि थांबलेलं राहिलं पाहिजे. आमचं चाक ब्रेक सोडला की पुन्हा जोरात फिरायचं. मग झाकण उघडलं.

ड्रम काढून त्यांनी उजेडात धरला. आतल्या कडेवर एक निळसर पट्टा होता. लोखंड तापून गेल्याची ती खूण. एखादा शू सतत घासत असल्याशिवाय ड्रम असा तापत नाही. मग तिन्ही शू बोटानं एकेक करून बाहेर ओढले आणि सोडले. दोन टपकन आत गेले, तिसरा रेंगाळला. रेंगाळण्याची दोन कारणं असतात : एक तर स्प्रिंग मेलेली, नाहीतर शू ज्या खिळीवर फिरतो ती कोरडी पडून गंजलेली. स्प्रिंगा काढून त्यांनी तिन्ही काचेवर शेजारी शेजारी ठेवल्या. दोघींचे वेढे एकमेकांना चिकटलेले होते. तिसरीच्या वेढ्यांमधून उजेड दिसत होता. ती ताणली गेली होती, आता ती कधीच पूर्वीसारखी मिटणार नव्हती.

मी म्हणालो, मग एकच बदला. उस्तादांनी मान हलवली. एक नवी आणि दोन जुन्या असल्या की तिन्ही शू एका वेळी सुटत नाहीत. एक आधी धरतो, दुसरा मागून येतो, आणि निघताना गाडी थरथरते. ‘‘तिघी एकदम आल्या, तिघी एकदम जाणार,’’ एवढंच ते बोलले. तिन्ही बदलल्या. खिळ्यांना ग्रीसचा अगदी चिमूटभर हात. जास्त लावलं तर ते फिरताना उडून लायनिंगवर जातं आणि मग क्लच खरोखरच घसरतो. लायनिंगवर काचेसारखी चकाकी आली होती, ती घासकागदानं उतरवली. ड्रम त्यांनी आतून बोट फिरवून पाहिला. ड्रम आतून झिजून मोठा झाला असेल तर नवा शू त्याला पुरता भिडत नाही, मधल्या पट्ट्यातच टेकतो. आणि ड्रमची गोलाई बिघडली असेल तर कितीही चांगल्या स्प्रिंगा घाला, थरथर जात नाही. आमचा अजून चालण्याजोगा होता.

हे सगळं करताना त्यांनी नाकावर रुमाल बांधला होता आणि क्लचमधली धूळ फुंकर मारून नव्हे, ओल्या फडक्यानं पुसली. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते. ही गोष्ट त्यांना कोणत्या पुस्तकानं सांगितली नव्हती. सोबतीचे दोन कारागीर खोकता खोकता गेलेले त्यांनी पाहिले होते. सुट्टी मिळालेल्या आपल्या डाव्या हाताची किंमत कुणीतरी अशीही मोजली असेल, हे इतिहास सांगताना विसरू नये.

उस्तादांकडे तरुण पोरं यायची ती उलटी मागणी घेऊन. पिकअप हवा, कडक स्प्रिंगा टाका. कडक स्प्रिंगांनी क्लच उशिरा धरतो, इंजिन तोवर चांगलं तापून जोरात आलेलं असतं आणि गाडी झेप घेते, हे खरं. पण रोजच्या गर्दीत त्याचा अर्थ नुसता आरडाओरडा, जास्त पेट्रोल आणि लवकर जळणारं लायनिंग. उस्ताद पोरांना समजावत नसत. ते फक्त विचारत, शर्यत कुठं आहे?

डिसेंबर २००९ मध्ये बजाजनं स्कूटर बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. खुद्द राहुल बजाज यांनी आपल्याला वाईट वाटल्याचं सांगितलं होतं. डाव्या मुठीचा जमाना त्याआधीच बहुतांशी संपला होता. जानेवारी २०२० मध्ये चेतक हे नाव परतलं ते विजेवर. फेब्रुवारी २०२४ मध्ये लूनाही विजेवर परतली. विजेच्या मोटरला आपल्या इंजिनाची ती जुनी अडचण नाही. ती शून्य फेऱ्यांपासून ओढू शकते आणि थांबली तरी मरत नाही. त्यामुळं गाठ सोडण्या-बांधण्याचं कामच उरत नाही. आधी क्लच हातातून पोटात गेला, आता पोटातूनही निघाला.

उस्तादांचा मुलगा आता त्याच जागी बसतो. त्याच्याकडे अजून पेट्रोलच्या स्कूटरींची रांग असते, पण रांगेत न येणाऱ्या गाड्या दरवर्षी वाढत आहेत, हे त्याला दिसतं. वडिलांना स्प्रिंगेचा अर्थ उलटा करून शिकावा लागला होता. याला स्प्रिंगेशिवाय जगायला शिकायचं आहे, आणि तेही बॅटरी उघडायचा पाना कंपन्या आपल्या हाती देत नाहीत अशा काळात. त्याला शिकायला जागा मिळाली पाहिजे. आयटीआयमध्ये, कंपन्यांच्या प्रशिक्षणात, कुठंही. ज्यांनी कुणी न सांगता एवढं शिकून घेतलं, त्यांच्या मुलांना सांगणारं कुणीतरी असावं, ही मागणी फार मोठी नाही.

आपा निवृत्त होऊन काही वर्षं झाली. तिची भाची परवा विजेची स्कूटर घेऊन आली आणि मोठ्या कौतुकानं म्हणाली, ‘‘फुप्पी, याला क्लचच नाही!’’ आपा हसली. या वेळी ते खरं होतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)